पाणी निघत नाही

३ डिसेंबर, बुधवार

वजन ५७.२. लघवी २४०० मिली. बीपी १३०/८०. गोळ्या वेळेवर.

डॉक्टरांनी ही वही फक्त आकड्यांसाठी ठेवायला सांगितली होती. आकड्यांखाली दोन ओळी लिहायची सवय कधी लागली, कळलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर रजिस्टरं भरते, त्याचाच गुण असेल.

आज सकाळी भांड्यांचं मशीन बंद पडलं. बटण दाबलं, थोडा वेळ गुरगुरलं, मग तीनदा वाजलं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. दार उघडलं तर तळाशी कालचं गढूळ पाणी तसंच. ह्यांची किडनी बदलल्याला आता पाच महिने होतील. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, की अंगातली प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवलेली आहे, साधा जंतूसुद्धा महागात पडेल. किडनी माझी आहे, त्यामुळे मलाही सहा महिने वाकायचं, उचलायचं नाही. म्हणून युवराजनं, माझ्या भावानं, पुण्याहून हे मशीन पाठवलं. म्हणाला, "ताई, कडकडीत गरम पाण्यात धुतं. दाजींच्या ताटाची काळजीच सोड."

मगानं पाणी उपसलं. युवराजनं फोनवर सांगितलं तशी तळाची जाळी फिरवून काढली. भाकरीचा लगदा, कोथिंबिरीच्या काड्या, लिंबाची बी. आणि एक चिकट, पिवळट साल, बोटाला जेलीसारखी लागणारी. मशीनच्या साबणवडीवर पातळ आवरण असतं, ते विरघळलं नसणार. हलका साबण. दुसरा मागवते.

जाळी घासून बसवली. चाललं.

४ डिसेंबर, गुरुवार

मशीन ठीक. हे रोज संध्याकाळी आठची गोळी घेतली की स्वतः उठून ग्लास मशीनमध्ये नेऊन ठेवतात. वीस वर्षांच्या संसारात कधी स्वतःचा ग्लास उचलला नव्हता. बोललं की पुरुषांची चांगली सवय मोडते.

७ डिसेंबर, रविवार

वजन ५८. लघवी २१००.

आज घरात सण असल्यासारखं वाटलं. हे मास्क लावून भांड्यांच्या दुकानावर तासभर गेले होते. दुकानाच्या दारातल्या टेबलाशी बसून ह्यांनी बावीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. बीडमधल्या कितीतरी घरांत ह्यांच्या अक्षरातलं "मामाकडून सप्रेम भेट" आहे. सप्टेंबरात एका लग्नाचे तांबे हातात घेतले होते, तर हात असा थरथर कापला की नवरीचं नावच वाचता येईना. दुकानदारानं तांबे उचलून आत ठेवले आणि दुसऱ्याकडून करून घेतले. त्यानंतर हे आठ दिवस जेवताना मान वर करत नव्हते.

आज पातेल्याच्या काठावर चार नावं टाकून आले. एक पातेलं मला दाखवायला घरी आणलं होतं. रेघ सरळ, वेलांटी गोल.

"बघ," म्हणाले, "कापतोय का कुठं?"

गोळ्यांमुळे हात थरथरतात, सवय होईल, असं दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या. झाली सवय. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढं साखर ठेवली.

वजनही वाढतंय. अंगी लागायला लागलं.

९ डिसेंबर, मंगळवार

परत तेच. पाणी तळाशी, लाल दिवा, टूं टूं टूं.

आज कॉलेजला रजा टाकली. जाळी साफ होती. युवराज म्हणाला, मागची नळी बघ. मशीन मागच्या गॅलरीत मोरीशेजारी आहे. बघते तर आत्याबाईंनी रिकामं सिलिंडर सरकवून नळीवर टेकवलेलं, नळी पार चपटी झालेली.

"आत्याबाई, हे कुणी ठेवलं इथं?"

"म्या ठिवलं. पायात येत व्हतं."

"ह्या नळीतून घाण पाणी बाहेर जातं. ते आत राहिलं तर त्याच पाण्यात ह्यांचं ताट!"

"राखंनं घासलेल्या भांड्यात जेवून ह्यो एवढा मोठा झाला बाई. आमाला न्हाई ठावं तुजं कपाट."

मी नको ते बोलले. म्हणाले, त्या राखेच्या भांड्यांनी किडनी वाचली नाही ना त्यांची. आत्याबाई उठून देवघरात गेल्या. हे दारात उभे होते. म्हणाले, "लई बोललीस, सुकन्या."

नळी सरळ केली, सिलिंडर हलवलं. पाणी गेलं. माझा राग गेला नाही, आता स्वतःचाच येतोय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वजन ५९.१. लघवी १७००. थंडीनं पाणी कमी पितात, म्हणून असेल.

नेकनूरहून आत्याबाईंची बहीण छबुबाई भेटायला आली होती. तिला उंबऱ्याबाहेरच खुर्ची दिली. आत्याबाई मंगळवारचं सगळं विसरून सांगत होत्या, "माज्या सुनंनं सोताच्या अंगातलं काढून दिलं ह्याला. अशी सून दिव्यानं हुडकून मिळायची न्हाई. ह्यानं तिचे पाय धुऊन पानी प्यावं." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. हे तेवढ्यात उठून आत गेले. माणसांचा गोंगाट अजून सोसत नाही त्यांना.

चप्पल घट्ट होते म्हणतात. नवी आणायला हवी.

१५ डिसेंबर, सोमवार

आज रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.७. मागच्या वेळी १.२ होतं. औषधाची रक्तातली पातळीही कमी.

१.७ म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नाहीये. माझी किडनी. माझ्या अंगात पंचेचाळीस वर्षं बिनबोभाट चाललेली.

डॉक्टरांना फोन लावला. पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, "गोळ्या वेळेवर ना?"

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांसमोर घेतात. मी घोट गिळेपर्यंत उभी असते."

मग म्हणाले, काहींच्या अंगात औषध कमी शोषलं जातं. संध्याकाळी पिवळी कॅप्सूल एक होती, ती दोन करा. आठ दिवसांनी परत रक्त. ताप आला किंवा लघवी फार घटली तर लगेच निघा.

मी विचारलं, भांड्यातून काही गेलं असेल का? मशीन दोनदा तुंबलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही, स्वच्छता ठेवा.

म्हणजे तेच. मला आधीच वाटलं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

मशीनच्या कंपनीला फोन केला. बीडला त्यांचा माणूस नाही, संभाजीनगरहून येतो, तोही पुढच्या आठवड्यात. तोवर मशीनमधून निघालेलं प्रत्येक भांडं मी पुन्हा उकळून घेते. ह्यांचं ताट, वाटी, ग्लास, चमचा वेगळे. उकळत्या पाण्यातून काढताना मनगट भाजलं.

हे म्हणाले, "एवढं कशापायी करती? मशीनचा काय संबंध?"

"मग कशाचा आहे? तुम्ही सांगा."

ते माझ्या मनगटाकडं बघत राहिले, मग स्वतःच बर्नॉल शोधून आणलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

वजन ६०. लघवी १४००. बीपी १५०/९०.

दोन कॅप्सूल चालू होऊन तीन दिवस झाले. सिस्टर म्हणाल्या होत्या डोस वाढला की हात जास्त कापेल. तसं काही नाही. आज ह्यांनी घरीच बसून आत्याबाईंच्या जुन्या डब्यावर "भिवराबाई" असं नाव टाकून दिलं. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या. औषध मानवलंय म्हणायचं. मग आकडे असे का?

आज जाळीत परत ती पिवळी साल. साबण तर बदललाय मी.

२१ डिसेंबर, रविवार

डोळ्यांखाली सूज. रात्री मिठाचं जास्त झालं का? आमटी मीच केली होती. मीठ मोजून घातलं होतं.

मशीन हळू पाणी सोडतंय. गुरगुर जास्त, पाणी कमी. मी त्याच्यासमोर पाटावर बसून ऐकत असते. आत्याबाई म्हणाल्या, "लेकराच्या उशाला बसल्यावानी बसती."

२३ डिसेंबर, मंगळवार

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं. पुढं कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.

सकाळी सहाला मशीन लावलं. हुंऽऽ असा आवाज आणि दिवा. रात्रीचं पाणी गार, तसंच तळाशी. युवराजला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "ताई, जाळी साफ, नळी साफ, म्हणजे पंपात काहीतरी अडकलंय. आधी प्लग काढ. सगळं पाणी उपस, पण चहाच्या गाळणीतून ओत. काय काय आहे ते बघू."

मी गाळणी बादलीवर धरली. पहिल्या मगात भाकरीचे कण. दुसऱ्यात कोथिंबीर. तिसऱ्या मगात दोन कॅप्सूल.

फुगलेल्या होत्या. एकीचा पिवळा रंग निम्मा उतरला होता. बोटानं दाबली तर पांढरी भुकटी बाहेर आली, आणि मागं राहिली ती तीच साल. चिकट, पिवळट. जिला मी साबणाची समजत होते ती.

"ताई? काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "पुढं सांग."

मला का तसं बोलावंसं वाटलं, माहीत नाही. तो सांगत गेला, मी करत गेले. तळातलं छोटं झाकण काढलं. खाली पांढरा पंखा होता. बोट घालून फिरवला तर फिरेना. चिमट्यानं खुपसून एक चिंचोका निघाला, आमटीतल्या चिंचेचा. झाकण बसवलं, जाळी फिरवून घट्ट केली, प्लग लावला, बटण दाबलं. मोरीत धो धो पाणी आलं. युवराज तिकडं ओरडला, "झालं ताई! तू तर मेकॅनिक झालीस!"

मी फोन ठेवला आणि मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले.

इतके दिवस हे मशीन रोज सकाळी गरम पाणी घेऊन सगळं विरघळवत होतं आणि मोरीत सोडत होतं. तुंबलं नसतं तर मला कधी कळलं नसतं.

तरी मनात म्हटलं, खाली पडल्या असतील. हातातून सुटल्या असतील. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. हे चुकलं का? चौदा तास होते. पण खात्री नसताना बोलले असते तर ते नाही म्हणाले असते, आणि मी तेच खरं धरलं असतं. मला स्वतःची ओळख आहे.

वजन ६१. लघवी फक्त ९००.

आठ वाजता दोन कॅप्सूल हातावर दिल्या. पाणी दिलं. त्यांनी तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, गळा हलला. ग्लास तोंडाशी थोडा जास्त वेळ राहिला. मी हे रोज बघत होते. मग उठले आणि गॅलरीकडं निघाले.

"ग्लास माझ्याकडं द्या."

"ठिवतो ना मी."

"द्या इकडं."

"सुकन्या, बस तू. दमलीस दिवसभर."

मी हात पुढं केलेलाच होता. आत्याबाई भाजी निवडायच्या थांबल्या. ह्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. द्यायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

ग्लासात तळाला घोटभर पाणी होतं, त्यात दोन्ही.

"किती दिवस?" मी विचारलं.

ते खुर्चीत बसले. "दिवाळीपासून. सकाळची घेतो मी. सकाळची एकदाबी चुकवली न्हाई, आईची शपथ. फक्त संध्याकाळची."

"का?"

हात पुढं केले. सरळ, न थरथरणारे. "ह्याच्यासाठी. मला वाटलं, एकच वेळ घेतली तर किडनीबी ऱ्हाईल आन् हातबी."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगू?" त्यांचा आवाज चढला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "तू सोताचं पोट फाडून दिलं. आल्यागेल्याम्होरं आई सांगती, पाय धुऊन पानी पी. आन् मी सांगू, की माजा हात कापतो, मला अक्षर काढता येईना? लाज वाटली मला. तू उकळत्या पाण्यात हात घालीत व्हतीस तवा सांगणार व्हतो. न्हाई झालं."

आत्याबाई रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला ह्यांना मारावंसं वाटलं. हे लिहिलं तर चालेल ना? वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की ह्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीवर आपटावं. मी डॉक्टरांना फोन लावला आणि ग्लासात काय सापडलं ते सांगितलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता निघा.

गाडी येईपर्यंत ही पानं लिहिली.

२५ डिसेंबर, गुरुवार, संभाजीनगर

क्रिएटिनिन २.८. सुई घालून किडनीचा तुकडा काढला. शरीर किडनीवर उलटलंय. पाच दिवस शिरेतून मोठी इंजेक्शनं देणार, मग कळेल.

आत सोडत नाहीत. काचेतून दिसतात. पायांवर सूज आहे, ती इथून दिसते. आणि मी नवी चप्पल आणायला निघाले होते.

सगळं माझ्याच वहीत होतं. ५७.२, ५८, ५९.१, ६०. लघवी २४००, २१००, १७००, १४००. रोज मीच लिहिलं आणि रोज मीच त्याला काहीतरी कारण दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

२.५.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ह्यांनाही मास्क लावून आणलं होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हात कापतो हे मला सांगायचं होतं. ह्याच औषधाचा दुसरा प्रकार आहे, सकाळी एकदाच घ्यायचा. त्यानं बऱ्याच जणांची थरथर कमी होते. डोसही हळूहळू उतरवता आला असता."

हे खाली बघत होते. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "आणि ताई, तुम्ही फोनवर दर वेळी उत्तर दिलंत. मी त्यांच्याशी एकदाही बोललो नाही. ती माझीही चूक."

खरं आहे. वजन मी सांगायचे, लघवी मी सांगायचे, कसं वाटतंय तेही मीच सांगायचे. हे शेजारी बसलेले असायचे.

बाहेर येऊन बाकावर बसलो. मग ह्यांनी विचारलं, "गेली का ग ती? किडनी?"

"अजून नाही."

"गेली तर परत मागू नको कुनाला. मी डायलिसिसवर ऱ्हाईन."

"ते मी ठरवीन," मी म्हणाले आणि लगेच थांबले. "बरं. आपण ठरवू."

३१ डिसेंबर, बुधवार

१.९. लघवी १८००. घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखी होईल असं सांगत नाही, पण वाचली. थोडा भाग कायमचा गेला. किती वर्षं चालेल, ते पुढच्या काही महिन्यांवर आहे.

गेवराईच्या पुढं रस्त्याला चहाला थांबलो. हे गाडीतच बसले. मी कप नेऊन दिला, तर दोन्ही हातांनी धरूनही चहा सांडला, नवं औषध आणि त्या इंजेक्शनांमुळे. मी पुसायला रुमाल काढला. ते म्हणाले, "आसू दे. मी पुसतो." पुसायला वेळ लागला. मी थांबले.

२ जानेवारी, शुक्रवार

आत्याबाईंशी बोलले. त्या दिवशीच्या राखेच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं मी तुजी बाजू घेती. लेकराच्या उरावर धोंडा ठिवीत व्हते." मग विचारलं, "आता कुनी इच्यारलं तर काय सांगू?"

म्हटलं, सांगा, बरा आहे.

दुकानदाराचा निरोप आला होता. लग्नाच्या भांड्यांचं मोठं काम आहे, सुग्रीवभाऊंना जमेल का? ह्यांनी स्वतः फोन घेतला. "सध्या न्हाई जमायचं. हात कापतो. दोन-तीन म्हैन्यांनी बघू," म्हणाले. एवढं साधं वाक्य. ऐकताना मी दाराची चौकट धरून उभी होते.

४ जानेवारी, रविवार

वजन ५८.४. लघवी २०००. आजचे आकडे त्यांनी सांगितले, मी लिहिले.

सकाळी आठला औषधाची वेळ झाली. डबी त्यांच्याकडंच दिली आहे. मी नेहमीसारखी पाण्याचा तांब्या घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेले. तांब्या टेबलावर ठेवला आणि वळले.

"बघायचं न्हाई का?" त्यांनी विचारलं.

किती इच्छा होती बघायची. तोंड उघडायला लावावं, जीभ वर करायला लावावी, ग्लास उलटा करून बघावा. तीन दिवस मी हेच केलं होतं आणि तीन दिवस ते माझ्यापुढं तोंड उघडून बसले होते, एखाद्या कैद्यासारखे. काल त्यांचे डोळे मिटलेले होते.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही घ्या."

स्वयंपाकघरात येऊन गॅसजवळ उभी राहिले. आतून पट्टी फाडल्याचा आवाज आला. तांब्यातून पाणी ओतल्याचा. थोडं सांडल्याचाही. मग काहीच नाही. मग ग्लास ठेवल्याचा आवाज.

घेतली की नाही, मला माहीत नाही. उद्या सकाळी दोघं मिळून रक्त द्यायला जाणार आहोत, रिपोर्ट संध्याकाळी येईल. आत जाऊन विचारावं असं दोनदा वाटलं. कणीक मळत राहिले.